सोलापुरात ४३ डिग्रीत बर्फाची गोष्ट वाचली, तो माणूस नेमका चुकला कुठं?

उन्हाळी_वाचक (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात भर दुपारी लाइट गेलेली, बाहेर ४३, घरात त्याहून जास्त वाटत होतं. फरशीवर पाणी मारून उघडा पडलो होतो आणि फोनमध्ये जेवढं चार्जिंग होतं तेवढ्यात अमेरिकन लेखक जॅक लंडनची 'टू बिल्ड अ फायर' वाचून काढली. इंग्रजी आपलं बेताचंच, शब्द अडला की डिक्शनरी, तरी एका बैठकीत संपली.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेवट पण सांगणार आहे, आधी वाचायची असेल तर इथंच थांबा. कॅनडाच्या पार वरच्या अंगाला युकॉन, सोन्यापायी लोक तिकडं धावले होते तो काळ. एक माणूस, त्याला नाव पण दिलेलं नाही, एकटा चाललाय आणि मागं एक कुत्रं. थंडी मायनस ७५ फॅरनहाइट, आपल्या हिशोबात मायनस ५९. थुंकला तर थुंकी खाली पडायच्या आधी हवेतच तडकते. एका जुन्या म्हाताऱ्यानं त्याला सांगितलेलं असतं की मायनस ५० फॅरनहाइटच्या खाली गेलं की एकट्यानं निघायचं नाही, आणि हा त्याला मनातल्या मनात बायकी म्हणून हसत असतो. मग वरून घट्ट दिसणाऱ्या बर्फाखाली पाणी निघतं आणि पाय नडगीपर्यंत भिजतात. आता जाळ करून पाय वाळवले नाहीत तर खेळ खल्लास. जाळ करतो, चांगला पेटतो पण, पण केलेला असतो झाडाखाली. फांदीवरचा बर्फ धपकन खाली, जाळ गेला. दुसऱ्यांदा पेटवायला जातो तर बोटं चालत नाहीत. शेवटी काडी दातात धरून पायावर घासतो, वीसदा घासल्यावर पेटते, तर तिचा धूर नाकात जाऊन ठसका लागतो आणि काडी बर्फात. मग सगळ्या सत्तर काड्या एकदम पेटवतो, हाताचं कातडं भाजतंय ते त्याला वासावरनं कळतं. तरी नाही जमत. मरतो.

मला घाम फुटलेला होताच, तो गार झाला असं वाटलं खरंच.

आता प्रश्न. एक, तो नेमका चुकला कुठं? झाडाखाली जाळ केला ते, का एकटा निघाला ते, का अजून काही? आणि दुसरं, आमचा गाळ्यावरचा मित्र म्हणतो, "काय बे, हितं आपण भाजून मरलालो आणि तू कुडकुडून मेलेल्याचं वाचलालास, आपला काय संबंध?" त्याला उत्तर देता आलं नाही मला. बारा डिग्री झालं की आपण गड्ड्याच्या जत्रेत माकडटोपी घालून फिरणारी माणसं. मग हे एवढं आत का जाऊन बसलं?

---

माजी_फौजी_बार्शी

तुमचा प्रश्न आवडला. गोष्ट मी वाचलेली नव्हती, तुमचं वाचून काल रात्री नातवाकडून फोनवर लावून घेतली आणि वाचली. मी नोकरीत दोन वेळा बर्फात राहिलोय, त्यातला एक टेन्युअर ग्लेशियरवर.

झाडाखाली जाळ ही चूक आहेच, पण ती शेवटची. पहिली चूक तो निघाला तेव्हाच झाली. आमच्याकडं नियम साधा, एकटा कुणी कुठं जात नाही, प्रत्येकाला बडी असतो, म्हणजे कायमचा जोडीदार. बडीचं काम काय, तर तुमच्या तोंडाकडं बघत राहायचं. नाकाचा शेंडा, गाल पांढरे पडले तर ते तुम्हाला स्वतःला कळत नाही हो, आरसा नसतो तिथं आणि दुखत पण नाही, बडीला दिसतं. चालताना सगळे एका दोराला बांधलेले, कारण वरनं सपाट दिसतंय आणि खाली क्रेव्हास असते, भेग म्हणजे तळ दिसत नाही इतकी. त्या माणसाचा पाय पाण्यात गेला तसाच प्रकार, फक्त आमच्याकडं दोर होता.

दुसरं सांगतो जे बाहेरच्याला पटत नाही. बर्फात मोठं काम माणसाला मारत नाही, बुटाची नाडी मारते. सकाळी बूट चढवून नाड्या बांधायला मला सुरुवातीला अर्धा तास लागायचा, हातमोजे काढले तर बोटं गेली आणि नाही काढले तर गाठ बसत नाही. उघड्या हातानं लोखंडाला हात लावला की कातडं तिथंच. टूथपेस्ट आधी बुखारीपाशी (तंबूतली शेगडी) ठेवायची मग दात घासायचे, अंडं फोडायला हातोडी. म्हणून त्या गोष्टीत मला सगळ्यात खरं काय वाटलं तर तो जाळ पेटल्यावर आधी बुटाच्या नाड्या सोडायला जातो, त्या बर्फानं तारेसारख्या झालेल्या असतात, बोटांनी ओढत बसतो, मग डोक्यात येतं की अरे चाकू आहे की, आणि चाकू काढतो तेवढ्यात वरनं बर्फ पडतो. तो लेखक तिथं राहून आलेला असणार, घरात बसून असली नाडी सुचत नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनमधल्या सोनम पोस्टवर हिमस्खलन झालं तेव्हा लान्स नाईक हनुमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखालनं जिवंत निघाले, नंतर दिल्लीला हॉस्पिटलात गेले बिचारे. हे कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो काहीही लिहितात.

---

ग्रंथकीडा_नवीपेठ

फौजी काका सलाम. जॅक लंडन खरंच तिकडं जाऊन आलेला. १८९६ ला युकॉनमधल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं, हा १८९७ ला गेला, सोनं काही मिळालं नाही, एक हिवाळा काढून स्कर्व्ही (ताजं अन्न न मिळाल्यानं होणारा आजार) घेऊन १८९८ ला परत. पण गोष्टींचं पोतं घेऊन आला तिथनं.

आता मूळ प्रश्नावर एक गंमत सांगतो जी फार कमी लोकांना माहीत असते. ही गोष्ट त्यानं दोनदा लिहिलीय. पहिली १९०२ ला, मुलांच्या मासिकासाठी. त्यात माणसाला नाव आहे, टॉम व्हिन्सेंट, त्याचाही जाळ असाच विझतो, पण तो वाचतो, हातावर व्रण राहतात आणि पुन्हा एकटं जायचं नाही हा धडा शिकतो. म्हणजे शाळेतल्या पुस्तकासारखी, खाली तात्पर्य लिहायचं तेवढं राहिलं. मग १९०८ ला तीच गोष्ट पुन्हा लिहिली मोठ्यांसाठी, आणि तीन गोष्टी केल्या. नाव काढून टाकलं, माणूस मारला आणि कुत्रं घातलं. पहिल्यात कुत्रं नाहीच!

माझं म्हणणं असं की सगळी गोष्ट त्या कुत्र्यानं फिरवली. कुत्र्याला मायनस किती ते माहीत नाही, थर्मामीटर नाही, पण हे हवामान फिरायचं नाही एवढं त्याला आतनं कळतंय. माणसाला आकडा माहीत आहे आणि आकड्याचा अर्थ माहीत नाही. लंडन तिथं चक्क गणित घालतो की गोठणबिंदू ३२ फॅरनहाइट आणि थंडी मायनस ७५, म्हणजे १०७ डिग्रीचं गोठण, आणि पुढं म्हणतो की याला त्याचं काही वाटलं नाही. तर उन्हाळी_वाचक, माझ्या मते चूक हीच. बाकी झाड, नाडी, एकटेपणा हे सगळं त्या एका चुकीची पोरं.

आणि शेवट आठवतोय ना, तो कुत्र्याला मारून त्याच्या पोटात हात घालून ऊब घ्यायला बघतो, मिठी मारून धरतो पण, आणि मग कळतं की मारायला पण हात चालत नाहीत. चाकू काढता येत नाही, गळा दाबता येत नाही. सोडून देतो. माणूस गेल्यावर कुत्रं थोडा वेळ थांबतं, वास घेतं आणि सरळ कॅम्पच्या वाटेला लागतं, जिकडं दुसरे जाळवाले आणि खायला घालणारे असतील तिकडं. ना राग ना दुःख. निसर्ग कसा आहे ते यापेक्षा वेगळं काय सांगायचं. तो आपला दुश्मन बिश्मन काही नाही, त्याचं आपल्याकडं लक्षच नाही.

---

डॉ_होटगीरोड

वैद्यकीय बाजू थोडी. माणसाचं आतलं तापमान ३७ च्या आसपास, ते ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. सुरुवातीला हुडहुडी भरते, ती चांगली खूण आहे, शरीर लढतंय. साधारण ३२ च्या आसपास हुडहुडी थांबते आणि घरच्यांना वाटतं बरं वाटायला लागलं, तिथनं पुढं खरं अवघड. बोटं आधी का जातात तर शरीर हिशोबी आहे, हृदय आणि मेंदू वाचवायला हातापायाचा रक्तपुरवठा आवळून घेतं, सावकारासारखं, लांबच्या गिऱ्हाईकाचं आधी बंद. म्हणून त्या माणसाला काडी धरता येत नाही हे शंभर टक्के बरोबर लिहिलंय.

अजून एक, शेवटी शेवटी काही जणांना गरम व्हायला लागतं आणि ते अंगावरचे कपडे काढून टाकतात. बर्फात मेलेली माणसं अर्धी उघडी सापडतात ती यामुळं. आणि गोष्टीतला माणूस शेवटी सुखाच्या झोपेत जातो, ते लेखकानं दया म्हणून लिहिलेलं नाही, तसंच होतं.

तुमच्या मित्राला सांगा, संबंध आहे. मे महिन्यात आमच्याकडं ऊन लागलेले पेशंट येतात, आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं, त्यांचं पण पहिलं डोकंच जातं. कुठं आहोत कळत नाही, पाणी दिलं तर ढकलतात, "मला काही झालेलं नाही, मी चालत जातो" म्हणतात. थंडी असो का ऊन, ज्या डोक्यानं निर्णय घ्यायचा तेच आधी बिघडतं, आणि बिघडलंय हे त्याला कळत नाही. म्हणून काकांचा बडी लाख मोलाचा.

वाचायचं तर टॉलस्टॉयची 'मास्टर अँड मॅन' वाचा, १८९५ ची. एक व्यापारी जंगलाचा सौदा हातचा जाऊ नये म्हणून बर्फाच्या वादळात गडी निकिताला घेऊन घोडागाडी काढतो, वाट चुकून चुकून दोनदा एकाच गावात येतात, तिथं लोक राहा म्हणतात, हा ऐकत नाही. सौदा, सौदा. रात्री अडकल्यावर आधी गड्याला टाकून घोड्यावर एकटा पळून बघतो, फिरून फिरून परत तिथंच येतो. आणि मग काय होतं, तो आपला कोट उघडून गोठत चाललेल्या निकितावर पालथा झोपतो. सकाळी मालक मेलेला, घोडा मेलेला, निकिता जिवंत. पायाची तीन बोटं गेली, पण पुढं वीस वर्षं जगला. मी ते वाचताना आधी डॉक्टर म्हणून वाचत होतो की एका अंगाची ऊब दुसऱ्याला किती पुरेल वगैरे. नंतर ते सुटलं.

---

लादीवाला

मालक, आमचा बर्फाचा कारखाना होता वडिलांच्या वेळी, अक्कलकोट रोडला. बर्फ म्हणलं की लोकांना सिमला आठवतो, मला अमोनियाचा वास आठवतो, गार करायला तोच असतोय.

मिठाच्या पाण्याचा मोठा हौद असतोय, त्यात पाण्याचे डबे सोडलेले. मिठामुळं हौदातलं पाणी शून्याखाली आठ-दहा गेलं तरी गोठत नाही आणि डब्यातलं गोठतंय. डबा साखळीनं वर घ्यायचा, साध्या पाण्यात बुडवायचा की लादी सुटून येते. आता ऐका, मे महिन्यात रसवंतीवाले, लग्नवाले, मासळीवाले दारात उभे, बाहेर ४२-४३ आणि आत आम्ही पोरं हौदात पडलेली कडी नाहीतर हूक हुडकायला हात घालायचो. मायनस आठच हं, तुमच्या ५९ चं काय घेऊन बसलात. दोन मिनिटात हात आपला राहत नाही. दुखतंय दुखतंय आणि मग एकदम दुखायचं थांबतंय, तेव्हा वडील ओरडायचे "काढ भाड्या हात!" मी म्हणायचो आता तर दुखत नाही. तेच तर, म्हणायचे.

बाहेर आल्यावर खिशातनं बिडी काढून काडी ओढायचा प्रयत्न करणारा गडी मी बघितलाय. डोळ्यानं बघून बघून बोटं लावायचा, काडी बोटात आहे का नाही ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. गोष्टीत पण असंच आहे म्हणतात ना? नसंल पटत तर एक करा, बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी खडं मीठ टाका, हात कोरडा राहावा म्हणून प्लॅस्टिक पिशवी चढवा, दोन मिनिटं ठेवा (जास्त नको, मीठ टाकल्यावर गारवा लई वाढतो) आणि काडेपेटी ओढून बघा.

---

डॉ_होटगीरोड

कृपया मीठ टाकून हा प्रयोग करू नका. मीठ-बर्फानं कातडी जळते, पिशवी असली तरी. नुसता बर्फ-पाणी पुरे.

---

विजापूरवेस

सगळं वाचलं. मला एक खटकतंय ते बोलतो, राग मानू नका. हे जे बर्फातले शूर आहेत ते बहुतेक हौसेनं गेलेले. कुणी सोन्याला, कुणी ध्रुवावर झेंडा लावायला, कुणी अंड्याला. थट्टा नाही, खरंच अंड्याला. चेरी-गॅरार्ड नावाचा माणूस १९११ च्या दक्षिण ध्रुवाकडच्या हिवाळ्यात, म्हणजे चोवीस तास अंधार, दोन सोबत्यांबरोबर पाच आठवडे स्लेज ओढत पेंग्विनची अंडी आणायला गेला. मायनस ६० पर्यंत थंडी. तंबूतनं बाहेर येऊन इकडंतिकडं बघायला मान वर केली तर पंधरा सेकंदात कपडे तसेच गोठले आणि पुढं चार तास मान वर करूनच गाडी ओढली. दात वाजून वाजून फुटले. अंडी आणली तीन. म्युझियममध्ये नेऊन दिली तर तिथं धड विचारलं पण नाही. पुस्तक झकास आहे, 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड', १९२२ चं, स्वतःची थट्टा करत लिहिलेलं. पण शेवटी हौस.

मला जास्त धरतात ती रशियन, ज्यांना ढकलून नेलं. सोल्झेनित्सिनची 'इव्हान डेनिसोविच' १९६२ ला आली, सोव्हिएत छावणीतल्या एका कैद्याचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत. तिथं थंडी आहे मायनस २७ च्या आसपास आणि ४१ झालं तर कामाला नेत नाहीत, म्हणून सगळे थर्मामीटरकडं आशेनं बघतात. त्यावर एक कैदी म्हणतो की खरं दाखवणारा असता तर तो इथं टांगलाच नसता. आणि गवंडीकाम! मसाला गोठायच्या आत ठोकळा बसवायचा, चुकला तर पुन्हा हलवता येत नाही. तो कैदी, शुखोव, इतका रंगतो की सगळे मोजणीला पळाले तरी हा ओळ पुरी करून, मागं सरकून भिंत सरळ आली का बघतो. ज्या भिंतीचा त्याला एक पैशाचा फायदा नाही ती. माझे वडील गवंडी, हे पान त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, खरंय, ओळंबा लावल्याशिवाय हात हटत नाही.

आणि शालामोव. तो कोलिमाच्या खाणीत कैदी होता, रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला. कैद्यांना तिथं थर्मामीटर दाखवतच नसत, जुनी माणसं अंदाजानं सांगायची. धुकं गोठलं म्हणजे चाळीस. श्वासाला आवाज यायला लागला म्हणजे पंचेचाळीस, आवाज आणि धाप म्हणजे पन्नास, पंचावन्नच्या पुढं थुंकी हवेत गोठते. आणि पुढचं वाक्य एवढंच की दोन आठवडे थुंकी हवेतच गोठत होती. आता हे लंडनच्या थुंकीशेजारी ठेवा. तिथं तो माणूस गंमत म्हणून थुंकून बघतो. इथं तोच थर्मामीटर.

---

कडकभाकरी

मी काही एवढं वाचलेलं नाही पण लंडनचीच 'लव्ह ऑफ लाइफ' कॉलेजला असताना वाचली होती. उपाशी माणूस बर्फाळ माळावर रांगतोय आणि मागं एक आजारी लांडगा, दोघं एकमेकाच्या मरणाची वाट बघत. तो वाचतो, एका जहाजावरचे लोक त्याला उचलतात. मला शेवटचं लक्षात आहे. जहाजावर पोटभर मिळत असतं तरी तो खलाशांपुढं हात पसरून बिस्किटं मागतो, आणि नंतर बघतात तर गादीत सगळी बिस्किटंच बिस्किटं लपवलेली.

आमची आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. सुकडी आणि ती लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेले. ती गेली तेव्हा तिच्या कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली कडक भाकरी निघाल्या, थप्पीच्या थप्पी, फडक्यात बांधून. २०११ साल. घरात फ्रिज होता, गहू-तांदळाची पोती होती.

उन्हाळी_वाचकच्या मित्राला हे सांगा, संबंध काय विचारत होता ना.

---

ग्रंथकीडा_नवीपेठ

कडकभाकरी, तुमचं वाचून उठून पाणी प्यायलो.

हेच मला म्हणायचं होतं. आपल्याकडं बर्फ नाही पण 'बनगरवाडी' आहे, १९५५ ची, माडगूळकरांची. मास्तर येतो, हळूहळू वाडी त्याची होते, तालीम बांधतात, आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरतात, एकेक घर उठतं. तिथं पण कुणी खलनायक नाही, आभाळ नुसतं कोरडं. माणदेश आपल्या शेजारी, पण आपण ते 'माणसाची निसर्गाशी झुंज' म्हणून वाचतच नाही, ग्रामीण म्हणून कप्प्यात टाकतो. बर्फ मात्र आपल्याकडं बहुतेक विज्ञानकथेतच पडतो, नारळीकरांच्या 'हिमप्रलय'मध्ये थेट मुंबईत.

बरं, त्या 'लव्ह ऑफ लाइफ'चा एक किस्सा. लेनिन शेवटच्या आजारात असताना, मरणाच्या दोन दिवस आधी, त्याच्या बायकोनं त्याला ही गोष्ट वाचून दाखवली आणि त्याला फार आवडली, असं तिनंच आठवणीत लिहिलंय. १९२४ चा जानेवारी, बाहेर रशियाची थंडी. असो, विषय नाही.

---

उन्हाळी_वाचक (जुळे सोलापूर)

बाप रे, मी एक प्रश्न टाकला आणि तुम्ही दुकानच उघडलं. कडकभाकरी ताई, मित्राला तुमचं तसंच्या तसं वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही, चहा सांगितला.

पण एक शंका राहिलीच. सगळे म्हणताय की एकटा गेला म्हणून मेला. मग तो इंग्रज स्कॉट? पाच जण होते की ते दक्षिण ध्रुवावर. १७ जानेवारी १९१२ ला पोचले, बघतात तर नॉर्वेच्या अमुंडसेनचा तंबू, तो १४ डिसेंबरलाच येऊन गेलेला. परत येताना पाचही गेले. त्यांच्यातला ओट्स तर पायानं चालता येईना म्हणून सोबत्यांना ओझं नको म्हणून वादळात तंबूबाहेर निघून गेला, जरा बाहेर जाऊन येतो म्हणून. शेवटचे तिघं अन्नाच्या साठ्यापासून अठरा किलोमीटरवर. अठरा म्हणजे आपलं सोलापूर ते तुळजापूरच्या निम्मं पण नाही. बडी होते ना त्यांना?

---

माजी_फौजी_बार्शी

बडी पाहिजेच, पण बडीनं पोट भरत नाही आणि तेल येत नाही. पाच जणांच्या तोंडाला अन्न पाहिजे, गाडी माणसांनी ओढायची म्हणजे खाणं दुप्पट. दक्षिण ध्रुवाकडंच निघालेल्या शॅकलटनची गोष्ट मात्र आम्हाला कोर्समध्ये सांगितली होती. जहाज १९१५ ला बर्फात चिरडून बुडालं, अठ्ठावीस माणसं, सगळी परत आणली. तेराशे किलोमीटर एका होडीतनं जाऊन मदत आणली, मागं बावीस जण एलिफंट बेटावर थांबलेले, ते १९१६ च्या ऑगस्टमध्ये सुटले. तो ध्रुवावर गेलाच नाही, मोहीम फेल. पण माणसं आणली. आमच्या उस्तादाला विचारलं असतं कोण जिंकलं तर तो हसला असता.

---

माग_आणि_मी (पूर्व भाग)

अमुंडसेनचं कपड्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मागावर. आधी तो १९०३ ते ०६ उत्तरेला जहाज घेऊन गेला होता तेव्हा तिथल्या मूळच्या नेत्सिलिक लोकांच्या शेजारी दोन हिवाळे राहिला आणि त्यांचे कातड्याचे ढगळ कपडे, कुत्र्यांच्या गाड्या सगळं शिकून घेतलं. ढगळ का, तर घाम आत धरत नाही. घाम म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे बर्फ. वर चेरी-गॅरार्डचे कपडे गोठले म्हणून लिहिलंय ते त्यामुळंच. आमची सोलापुरी चादर जगात भारी, पण सूत ओलं झालं की ऊब धरत नाही, तिथं कामाची नाही, हे आमच्या अण्णाला सांगितलं तर जेवला नाही रात्री.

आणि ते लोक हजारो वर्षं तिथं राहतात, पोरंबाळं वाढवतात, त्यांना ही सगळी पुस्तकं वाचून काय वाटत असंल? आपल्या माळावर कुणी गोरा मेमध्ये सूट घालून आला, चक्कर येऊन पडला आणि मग जाऊन 'मृत्यूच्या वाळवंटात' असं पुस्तक लिहिलं तर कसं वाटंल तसं.

---

विजापूरवेस

😂 हे बेस्ट.

पण कुत्र्यांचा हिशोब पण लिहा की मग. अमुंडसेन ५२ कुत्री घेऊन ध्रुवाकडं निघाला आणि ११ घेऊन आला. बाकीची ठरवून मारली, उरलेल्या कुत्र्यांना घातली आणि स्वतः पण खाल्ली. प्लॅनमध्येच होतं ते. स्कॉटला कुत्री मारायला जीवावर यायचं, त्याचीच माणसं गेली.

---

ग्रंथकीडा_नवीपेठ

आता कुत्रं निघालंच आहे तर आपल्याकडची सगळ्यात जुनी बर्फातली गोष्ट विसरलोच की आपण. महाप्रस्थान! पाच पांडव, द्रौपदी आणि मागं एक कुत्रं, हिमालय चढायला लागतात. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. धर्मराज मागं वळून बघत नाही. भीम प्रत्येक वेळी विचारतो ही का पडली, हा का पडला, आणि धर्मराज प्रत्येकाची चूक सांगतो. उन्हाळी_वाचक, तुमचाच प्रश्न बघा, चुकला कुठं! मग इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो चल, कुत्रं सोड. हा म्हणतो, सोडत नाही, मग स्वर्ग राहू दे.

भाऊ पडले तेव्हा थांबला नाही आणि कुत्र्यासाठी अडून बसला, यावर आमच्या वाचनकट्ट्यात एकदा तीन तास भांडण झालं होतं. मला अजून पण ते पटलेलं नाही. लंडनचं कुत्रं माणसाला सोडून जातं आणि इथं माणूस कुत्र्याला सोडत नाही, म्हणून आपली गोष्ट उच्च असं कुणी म्हणलं तर मला ते पण पटत नाही. लंडनचा माणूस कुत्र्याला धरून बसतो तेव्हा त्याला पाहिजे असते फक्त त्याची ऊब. धर्मराजाला थंडी वाजते का नाही हे व्यास सांगतच नाहीत.

---

लादीवाला

वाजत असणार की. देवमाणसाला पण बोटं असतातच.

उन्हाळी_वाचक, बादलीचं केलं का?

---

उन्हाळी_वाचक (जुळे सोलापूर)

केलं. डॉक्टर सर, मीठ नाही टाकलं, शपथ.

कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडनं वीस रुपयाचा बर्फ आणला, बादलीत पाणी, दोन्ही हात पिशव्या घालून आत. मित्र घड्याळ लावून बसलेला. पहिलं मिनिट असं दुखलं की डोळ्यात पाणी आलं, चौथ्या मिनिटाला बरं वाटायला लागलं, लादीवाले म्हणाले तसंच, आणि मला तेव्हा खरी भीती वाटली म्हणून काढले. काडेपेटी उघडली तर आतलं खोकं निसटून सगळ्या काड्या फरशीवर. एक उचलायला गेलो, बोटं चिमट्यासारखी येतात पण मिटत नाहीत, काडी बोटात आहे असं वाटतंय आणि बघतो तर खाली. मित्र हसायला लागला आणि मग हसायचा थांबला. तीन काड्या मोडल्या, चौथी ओढली ती पेटली आणि बोटाला लागेपर्यंत जळाली, मला कळलंच नाही, मित्रानं फुंकर मारून विझवली.

म्हणजे बडी होता म्हणायचं.

तेवढ्यात आई आली. दोन माणसं, बादलीत बर्फ, फरशीवर काड्या आणि बाहेर ४४. तिला काय सांगणार. ती म्हणाली बर्फ उरलाय तर पन्ह्यात टाका, वाया कशाला घालवता.

ती 'मास्टर अँड मॅन' मित्रानं मागितलीय, कुणाकडं मराठीत असंल तर सांगा, त्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं आहे.